चुपसाहेबांच्या घशाचे गुण

वाचनकक्षात शांतता राखणे हे ग्रंथपालाचे पहिले कर्तव्य आहे, असे त्या ग्रंथालयाच्या नियमावलीत पहिल्याच पानावर छापलेले होते. हे कर्तव्य कोणत्या साधनाने पार पाडायचे, याबद्दल मात्र नियमावली गप्प होती. म्हणून तिथल्या ग्रंथपालांनी ते साधन स्वतःच शोधून काढले होते. ते खाकरत.

कुणी दोघे कुजबुजले, कुणाची खुर्ची करकरली, कुणी पिशवीतून गोळ्यांची पुडी काढून तिचा कागद चुरचुरवला, की टेबलामागून एक भरदार खाकरणे ऐकू येई आणि कक्ष पुन्हा जागच्या जागी बसे. तोंडाने 'शांतता राखा' म्हणण्यात एक मोठी अडचण होती, ती म्हणजे म्हणताना शांतता मोडते. खाकरण्याने मोडत नाही, अशी ग्रंथपालांची प्रामाणिक समजूत होती. वाचक त्यांना पाठीमागे चुपसाहेब म्हणत. तोंडावर नुसते साहेब म्हणत, पण म्हणताना जरा थांबत, त्यामुळे आधीचे अर्धे नाव गिळल्याचे त्यांना बरोबर कळे. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट आपण गेल्यावर माणसे आपल्याला कशासाठी ओळखतील, हा प्रश्न परस्पर सुटला याचे समाधान होते.

शांतता हा त्यांच्या नोकरीचा भाग होता हे खरे, पण ती त्यांची हौसही होती. दुपारी उंच खिडक्यांतून ऊन टेबलांवर उतरे, चाळीसएक माणसे माना खाली घालून बसलेली असत आणि कुठेतरी एक पान उलटे. ते पान उलटल्याचा आवाज ऐकू आला की चुपसाहेबांना आयुष्यात सगळे मिळाल्यासारखे वाटे. मग ते समाधानाने खाकरत.

गोची इथेच होती. सुरुवातीला ते आवाज झाला की खाकरत. पुढे आवाज होईल अशी शंका आली की खाकरू लागले. आणि मग, कधीपासून ते त्यांनाही सांगता आले नसते, पण काही झाले नाही तरी खाकरू लागले. निमूट वाचत बसलेली माणसे दचकून आपले काय चुकले ते पाहू लागली. एका बाईंनी तर पायातल्या चपला काढून पिशवीत ठेवल्या, तरी टेबलामागचा आवाज थांबेना.

हे असेच चालत राहिले असते, पण चुपसाहेबांना पत्रके काढायचा नाद होता. वाचकांच्या समाधानाचे मोजमाप व्हावे, या उदात्त हेतूने त्यांनी एक समाधान पत्रक तयार केले. प्रकाश, खुर्च्या, पंखे, पिण्याचे पाणी आणि शांतता, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, खाली शेऱ्यासाठी दोन ओळी. शांततेला पाच पडणार हे त्यांना ठाऊकच होते, पण ते लेखी हवे होते.

पत्रके जमा झाली. प्रकाशाला चार पडले, खुर्च्यांना तीन, पाण्यालासुद्धा तीन. शांततेला एक. आणि एका पत्रकावर, खिडकीजवळच्या कोपऱ्यात रोज बसणाऱ्या निवृत्त वकिलांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता : 'कक्षात एकच गृहस्थ आवाज करतात. ते टेबलामागे बसतात.'

आपणच आखलेल्या रकान्यात आपण सापडलो, याचे चुपसाहेबांना दुःख झाले. रकाना मात्र नेटका आखला गेला आहे, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

संचालकांनी त्यांना बोलावून घेतले. संचालक हे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचा नियमांवर विश्वास होता, आणि नियमांतून वेळ मिळाला तर माणसांवरही ठेवायची तयारी होती.

"बसा. हे पत्रक तुमचंच ना?"

"हो साहेब. मीच तयार केलं."

"छान झालंय. फार स्पष्ट उत्तरं आलीत." संचालकांनी तो शेरा मोठ्याने वाचला. "आता मला एवढंच सांगा, हे तुमचं खाकरणं म्हणजे आजार की सवय?"

"साहेब, खरं सांगायचं तर ते कर्तव्य आहे."

"कर्तव्याची वेगळी तरतूद नाही. आजार असेल तर सहानुभूती. सवय असेल तर शिस्तभंग."

"सहानुभूती म्हणजे काय होतं?"

"तुम्ही तुमच्या खुर्चीवर राहता आणि आम्ही सहन करतो."

"आणि शिस्तभंग?"

"बांधणी विभाग."

बांधणी विभाग तळघरात होता. तिथे पुस्तके शिवायचे यंत्र होते, कागद कापायचे यंत्र होते, आणि पुठ्ठे ठोकायला एक लाकडी हातोडा होता. त्या सगळ्यात एकमेकांचे ऐकू यावे म्हणून तिथले दोघे कामगार दिवसभर ओरडून बोलत. वर्षातून एकदा फाटकी पुस्तके घेऊन चुपसाहेब खाली जात आणि डोके धरून वर येत.

"तिथे तुम्ही कितीही खाकरा, कुणाला कळणारसुद्धा नाही," संचालक दिलासा देत म्हणाले. "महिनाअखेरीला विश्वस्त मंडळाची पाहणी आहे. तोवर डॉक्टरांचं लेखी आणा."

घरी त्यांनी हे सांगितले तेव्हा बायकोने हातातले भांडे खाली ठेवले.

"मी किती वर्षं सांगतेय, घसा दाखवा म्हणून. काय म्हणायचात तुम्ही? घसा ठणठणीत आहे म्हणूनच एवढा आवाज निघतो! आणि आज त्या संचालकांनी म्हटल्याबरोबर निघालात?"

"अगं, तुझं म्हणणं लेखी नव्हतं," चुपसाहेब म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आले, पण तोवर वेळ गेली होती.

घशाच्या डॉक्टरांकडे बायको सोबत आली. बाहेरच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता एक कागद आणि पेन पुढे केले.

"आधी हे भरा. कागद बघितल्याशिवाय मॅडम घसा बघत नाहीत."

चुपसाहेबांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा सगळा ताण उतरला. ती एक प्रश्नावली होती! दहा प्रश्न, प्रत्येकापुढे शून्य ते पाचची घरे, डावीकडे सोडलेला ऐसपैस समास. दवाखान्यात आपले माणूस भेटल्यासारखे त्यांना झाले. ते टेकून बसले आणि प्रत्येक शब्दाला पूर्ण न्याय देत वाचू लागले.

'गेल्या महिन्याभरात खालील गोष्टींचा आपल्याला किती त्रास झाला?'

पहिलाच प्रश्न होता, वारंवार खाकरावे लागणे. चुपसाहेबांनी विचार केला. खाकरतो आपण, हे खरे. पण प्रश्न तो नाही. प्रश्न आहे, आपल्याला त्रास किती? आपल्याला कसला त्रास? त्यांनी शून्यावर खूण केली. आवाज घोगरा होणे. दिवसभर आपण बोलतच नाही, तर घोगरा काय होणार? शून्य. घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे. असे कधी वाटल्याचे आठवेना. शून्य. आडवे झाल्यावर खोकला येणे. बायको रात्री कोपराने ढोसते खरी, म्हणजे येत असावा. एक. छातीत जळजळ. तळलेले खाल्ल्यावर होते. दोन. बाकी शून्ये. उत्तरपत्रिका देताना विद्यार्थ्याला वाटतो तसला आत्मविश्वास त्यांना वाटला.

डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, बेरीज केली आणि त्या खाकरल्या.

"तीन. पन्नासपैकी तीन. साधारण पंधराच्या वर गेलं तर आम्ही पुढचा विचार करतो. तीनला आजारी म्हणायचं तर बाहेरच्या पंख्यालाही म्हणावं लागेल." त्या पुन्हा खाकरल्या. "आणि खाकरण्याला शून्य कसं?"

"मला काही त्रास नाही त्याचा," चुपसाहेब म्हणाले आणि खाकरले.

"आत्ता काय केलंत?"

"कुठे काय केलं?"

"मॅडम," बायको मध्येच म्हणाली, "त्रास आम्हाला होतो. तो कुठे लिहायचा?"

"तशी सोय नाही हो यात. ज्याचा घसा, त्यानेच भरायचा."

"मग याला काय अर्थ आहे? यांना विचारून यांना कळलं असतं तर इथे कशाला आलो असतो?"

डॉक्टरांनी या प्रश्नाची नोंद घेतली नाही, कारण तो दहांपैकी नव्हता. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. आत थोडी लाली होती. तेवढी तर बऱ्याच जणांच्या घशात असते, असे त्यांनी सांगितले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी नीट समजावले, आणि ते समजावणे खरोखर चांगले होते. पोटातले आंबट पाणी कधीकधी छातीपाशी न थांबता घशापर्यंत येते. घसा खवखवतो. खवखवला की माणूस खाकरतो. खाकरले की घसा आणखी सोलवटतो, म्हणून माणूस आणखी खाकरतो.

"रात्रीचं जेवण लवकर करा. जेवून लगेच आडवे होऊ नका. उशाची बाजू उंच करा, चहा कमी करा. आणि खाकरावंसं वाटलं की खाकरू नका, घोटभर पाणी प्या आणि आवंढा गिळा."

चुपसाहेबांनी हे सगळे ऐकले. ऐकले म्हणजे कानांवर पडू दिले. त्यांचे डोळे कागदावर होते.

"पण मॅडम, गुण?"

"गुण काय, घशाकडे लक्ष दिलं की नीट भरता येतात. कागद घरी न्या, रोज वाचा, काय काय होतं ते बघा. पंधरवड्याने पुन्हा भरून आणा."

ही सूचना चुपसाहेबांनी अक्षरशः पाळली. जेवण पूर्वीसारखेच उशिरा झाले, चहा कमी झाला नाही, उशी होती तिथेच राहिली. पण प्रश्नावली ते रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीत, उजेडात बसून, मोठ्याने वाचू लागले.

"घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे," त्यांनी वाचले आणि थांबले. आवंढा गिळून पाहिला. पुन्हा गिळला. "अगं, आहे!"

"काय आहे?"

"काहीतरी आहे. इथे. गिळलं की खाली जातं आणि पुन्हा वर येऊन बसतं."

"बघू," म्हणून बायकोनेही आवंढा गिळला. मग आणखी एक गिळला. तिचा चेहरा बदलला. "अहो, माझ्याही आहे की."

"तुझ्या कसं असेल? तू तर कागद भरलेला नाहीस."

"ऐकला तर आहे ना!"

त्या रात्री दोघेही अंथरुणावर पडून आवंढे गिळत राहिले. रोजच्या वाचनाने प्रगती होत गेली. घोगरेपणा सापडला, चिकट कफ सापडला, श्वास अडकल्यासारखे होणे तर नको तितके सापडले. पंधरवड्याने चुपसाहेबांनी कागद भरला तेव्हा बेरीज चोवीस आली. शाळा सुटल्यापासून त्यांचे गुण प्रथमच वाढले होते. पण त्यांना रात्री झोप येत नव्हती, पाणी गिळतानाही धडकी भरत होती आणि ते खरोखर घाबरले होते, हेही इथे सांगितले पाहिजे. आजार सिद्ध झाल्याच्या आनंदात ते स्वतःला तसे सांगत नव्हते, एवढेच.

डॉक्टरांनी लेखी दिले. चुपसाहेब तो कागद घेऊन संचालकांपुढे उभे राहिले.

"चोवीस," संचालकांनी वाचले. "म्हणजे जास्त की कमी?"

"पन्नासपैकी आहेत साहेब. पंधराच्या वर म्हणजे आजार."

"ते दवाखान्यात. इथे इतरांचे किती आहेत? तुम्हीच मला शिकवलंत ना? प्रकाशाला चार पडले ते चांगले, हे कशावरून कळलं? खुर्च्यांना तीनच पडले म्हणून. तुलना नसेल तर चोवीस हा नुसता आकडा आहे."

आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतक्या अचूक परत येताना पाहून चुपसाहेबांना भरून आले. शिवाय ते पटलेही होते. वाचकांचे निरोगी घसे एका बाजूला आणि आपला चोवीसचा घसा दुसऱ्या बाजूला, असे एकदा कागदावर आले की संचालक काय, विश्वस्तही काही म्हणू शकणार नव्हते. खुर्ची वाचणार होती.

त्यांनी प्रश्नावलीच्या प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनकक्षात प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक ठेवली. वर स्वतःच्या हाताने सूचना लिहिली : 'कृपया घशाकडे नीट लक्ष देऊन भरावे.'

त्यानंतरची काही मिनिटे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर होती. कक्षात अशी शांतता पसरली की तशी त्यांनी कधी ऐकली नव्हती. पान उलटत नव्हते, खुर्ची हलत नव्हती. चाळीस माणसे माना जराशा तिरप्या करून आपापल्या घशाच्या आत डोकावत होती. चुपसाहेबांनी डोळे मिटले. खाकरायचेही त्यांना सुचले नाही.

मग कुणीतरी आवंढा गिळला. तो स्पष्ट ऐकू आला, म्हणून शेजारच्यानेही गिळला. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींच्या टेबलावरून एक बारीक खोकला आला. चपला पिशवीत ठेवणाऱ्या बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यातून, अगदी मनापासून, एक दणदणीत खाकरणे उठले. चुपसाहेबांनी डोळे उघडून पाहिले. निवृत्त वकील गळ्याला हात लावून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कक्षात बोलून काही उपयोग उरला नाही, कारण ऐकूच आले नसते.

गुणांची बेरीज करायला चुपसाहेबांना संध्याकाळ लागली. ती त्यांनी तीनदा केली. कक्षाची सरासरी एकोणतीस होती. वकिलांचे अडतीस होते, आणि शेऱ्याच्या ओळी नसतानाही त्यांनी समासात एक शेरा लिहिला होता : 'यास जबाबदार कोण?'

संचालकांनी आकडे पाहून मान डोलावली.

"सरासरी एकोणतीस, तुमचे चोवीस. म्हणजे तुम्ही सरासरीपेक्षा निरोगी आहात. अभिनंदन."

"साहेब, पण..."

"आणि निरोगी माणूस खाकरत असेल तर ती सवय. यंत्राशेजारी तुमच्यासाठी टेबल लावायला सांगतो. पाहणी झाली की खाली जा."

चुपसाहेब थेट दवाखान्यात गेले. तिथे बसायला जागा नव्हती. बाकांवर सगळे ओळखीचे चेहरे होते, आणि प्रत्येकाच्या मांडीवर तोच कागद होता. वाचनकक्षच जणू इथे भरला होता, फक्त पुस्तके नव्हती. वकिलांनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांच्याच पद्धतीने, अर्थपूर्ण खाकरले.

"ते कागद तुम्ही वाटलेत?" डॉक्टर कातावल्या होत्या. "अहो, तो कागद त्रास किती आहे ते सांगतो. कशाने आहे ते नाही सांगत. साध्या सर्दीतसुद्धा त्यातल्या निम्म्या गोष्टी होतात. असा रस्त्यावर वाटला तर सगळा रस्ता आजारी निघेल!"

"मग तुम्ही का वाटता?"

"मी आजारी माणसाला देते."

"मी आलो तेव्हा माझे तीन होते मॅडम."

डॉक्टर खाकरल्या. मग हळूच पाण्याचा ग्लास ओढून घोटभर प्यायल्या. "दिवसभर हेच विचारत असते मी," त्या जराशा ओशाळून म्हणाल्या. "माझे किती आहेत ते विचारू नका." आणि दारापर्यंत सोडायला येऊन त्यांनी पुन्हा तेच सांगितले : लवकर जेवा, उशी उंच करा, खाकरू नका, पाणी प्या.

कागदाचा काही उपयोग झाला नाही, तेव्हा नाइलाजाने चुपसाहेब उपचारांकडे वळले. जेवण दिवेलागणीला होऊ लागले. बायकोने पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि प्रश्नावली घडी करून त्यांतल्या एका ठोकळ्याखाली घातली, कारण तो डुगडुगत होता. मोठ्याने वाचन बंद झाले. खाकरण्याची उबळ आली की ते पाणी पीत. आपण किती वेळा खाकरत होतो, हे त्यांना पाण्याच्या बाटल्या भरताना कळले. ते मनातल्या मनात चांगलेच वरमले. एवढ्या वर्षांत त्या कक्षात शांतता नव्हतीच. जी होती ती आपल्या दोन खाकरण्यांच्या मधली होती, आणि आपण तिच्यावर खूश होतो.

ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली. ती म्हणाली, "चला, कळलं एकदाचं." आणि मग, त्यांचा चेहरा पाहून, "नाही नेत हो तुम्हाला कुणी तळघरात," असेही म्हणाली. तिला तसे अजिबात वाटत नव्हते.

पाहणीच्या दिवशी विश्वस्त मंडळ वाचनकक्षात शिरले ते दारातच थबकले. आत चाळीस जण खाकरत होते. कुणी झटक्यात, कुणी लांबवून, कुणी हातरुमालात. मुलींच्या टेबलावरून खोकल्याची लाट निघे ती वकिलांच्या कोपऱ्यात जाऊन फुटे. या सगळ्याच्या मधोमध, टेबलामागे, एक गृहस्थ पाण्याची बाटली छातीशी धरून ताठ बसले होते. ते बोलत नव्हते, खोकत नव्हते, खाकरत नव्हते. उबळ दाबून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"हे कोण?" मंडळाच्या अध्यक्षांनी विचारले.

"ग्रंथपाल," संचालक म्हणाले. "यांच्याच आवाजाबद्दल तक्रार आहे. आजपासून यांना बांधणी..."

"यांच्या?" अध्यक्षांचा विश्वास बसेना. "अहो, इथे एकटा हाच माणूस गप्प आहे! आणि बघा, या कोलाहलाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय. असा शांततेसाठी जीव टाकणारा माणूस तुम्ही तळघरात घालणार?"

"मी तेच म्हणत होतो," संचालक म्हणाले.

अध्यक्षांनी समोरच्या टेबलावरून एक कागद उचलला. "हे काय?" म्हणून त्यांनी दहाही प्रश्न लक्षपूर्वक वाचले. मग चार शब्द बोलण्यासाठी ते पुढे झाले आणि आधी घसा साफ करू लागले. तो काही केल्या साफ होईना. भाषण तसेच राहिले.

चुपसाहेबांची खुर्ची वाचली. ज्या खोलीसाठी ती हवी होती ती खोली मात्र गेली. पान उलटल्याचा आवाज आता त्या कक्षात कुणालाच ऐकू येत नाही, आणि त्याचे चुपसाहेबांना फार वाईट वाटते. त्यांचा घसा बरा आहे. खाकरून कुणाला गप्प करावे म्हटले तरी आता जमणार नाही, कारण एवढ्या गर्दीत आणखी एक कुणाच्या ध्यानात येणार?

नियमाप्रमाणे यंदाचेही समाधान पत्रक निघाले. प्रकाश चार, खुर्च्या तीन, पाणी पाच, कारण पाणी आता फार लागते. शांततेला जवळजवळ सगळ्यांनी पाच दिले होते. ग्रंथालयाच्या इतिहासात असे गुण कधी पडले नव्हते. निवृत्त वकिलांनी पाच देऊन खाली लिहिले होते : 'टेबलामागचे गृहस्थ सुधारले. आता कसलाही आवाज नाही.'

एकाच पत्रकावर शांततेपुढे शून्य होते.

"हे कुणाचं?" संचालकांनी विचारले.

"असेल कुणी," चुपसाहेब म्हणाले.

"एखादा चिडखोर असणार. सोडून द्या, सरासरी उत्तम आहे."

हल्ली चुपसाहेब जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तळघरात जातात. त्या वेळात यंत्रे बंद असतात आणि सकाळपासून ओरडून दमलेले ते दोघे कामगार एक शब्दही न बोलता जेवतात. पहिल्या दिवशी चुपसाहेब दारात उभे राहिले तेव्हा त्यांतल्या थोरल्याने घास हातात धरूनच विचारले होते, "साहेब, तो घशाचा कागद आणलाय काय?"

"नाही," चुपसाहेब म्हणाले.

"मग या."

आता राहता राहिले आपण, म्हणजे ही गोष्ट वाचणारे. वाचता वाचता आपण किती वेळा आवंढा गिळून पाहिलात आणि किती वेळा खाकरलात, ते विचारायचा आम्हाला काही अधिकार नाही. आणि विचारले तर आपले उत्तर काय येईल, तेही ठाऊक आहे. शून्य. चुपसाहेबांनीही शून्यच लिहिले होते, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे. तेव्हा आपण काही लिहूच नका. शेजारी कुणी बसले असेल, तर त्यांना विचारा.